अस्थींची साक्ष : चोखोबांचा मृत्यू आणि शोककाव्याचा एक वेगळा प्रवाह

१

विलापिका हा काव्यप्रकार मराठीत नावाने आणि घाटाने स्थिरावला तो इंग्रजी काव्याच्या परिचयानंतर. प्रिय व्यक्तीचा वियोग, तिच्या गुणांचे स्मरण, सृष्टीच्या नश्वरतेची जाणीव आणि शेवटी मनाची कशीबशी घातलेली समजूत, असा या प्रकाराचा सर्वसाधारण क्रम मानला जातो. गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’ या कवितेतील माता आपले मृत बालक निजले आहे असेच धरून चालते आणि वाचकाचे काळीज हेलावते. परंतु त्या मृत्यूला कोणी माणूस जबाबदार नाही. तेथे दोष असलाच तर तो दैवाचा. आणि दैवापुढे मान तुकविण्यात मृताचा अवमान होत नाही.

जे मरण दैवाने नव्हे, तर समाजाच्या रचनेने ओढवलेले असते, त्याच्या शोकाचा प्रश्न मात्र निराळा आहे. येथे मनाची समजूत घालणे म्हणजे त्या रचनेशीही समझोता करणे होय. शोक करणाऱ्याला सांत्वन तर हवे असते. पण सांत्वन पुरे झाले की मृत्यूचे कारण विसरले जाण्याचा धोका उत्पन्न होतो. म्हणून अशा शोकावर दोन परस्परविरोधी जबाबदाऱ्या येऊन पडतात : दु:ख हलके करणे आणि साक्ष जागती ठेवणे. या दोहोंतील ताण मराठी वाङ्मयात फार जुना आहे. त्याचे मूळ चौदाव्या शतकात मंगळवेढे येथे कोसळलेल्या एका भिंतीपाशी सापडते. त्या भिंतीखाली संत चोखामेळा यांचा अंत झाला. त्यांच्या मरणाची कथा मराठीने कशी जपली, आणि जपताना काय राखले व काय गमावले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

या विचारास आरंभ करण्यापूर्वी ज्या कवीच्या नावावर चोखोबांच्या अंताचे अभंग आहेत, त्या नामदेवांकडे वळणे आवश्यक आहे. नामदेवांचा काळ इ. स. १२७० ते १३५० असा मानला जातो. इ. स. १२९६ मध्ये आळंदी येथे ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. त्या प्रसंगावरील ‘समाधीचे अभंग’ ही मराठीतील शोककाव्याची पहिली मोठी निर्मिती म्हणावी लागेल. त्या प्रसंगी मृत्यूची तिथी ठरलेली आहे, संतमंडळी जमलेली आहेत, समाधीची जागा सिद्ध केलेली आहे. ज्याला जावयाचे तो स्वेच्छेने, निरोप घेऊन जात आहे. शोक अनावर असला तरी त्याला विधीचा आधार आहे.

याच भावंडांच्या आईवडिलांचा मृत्यू मात्र तसा नव्हता. संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रमात आलेल्या विठ्ठलपंतांना व रुक्मिणीबाईंना ब्रह्मवृंदाने देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि मुलांना समाजाने स्वीकारावे या आशेने त्या दोघांनी देह ठेवला, असे परंपरा सांगते. धर्मसत्तेच्या एका निर्णयाने चार मुले पोरकी झाली. एवढी मोठी घटना, परंतु इ. स. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’त तिचा उघड विलाप नाही. मुक्ताबाईंच्या ‘ताटीच्या अभंगां’त जनांच्या वागणुकीने दुखावून दार लावून बसलेल्या भावाची समजूत आहे, दुखावल्याची खूण आहे, पण आईवडिलांचे नाव घेऊन केलेला आक्रोश नाही. अन्यायाने झालेल्या मृत्यूचा शोक पुष्कळदा असा दुसऱ्या कशाच्या तरी आडून बोलतो, ही गोष्ट येथेच ध्यानात घेतली पाहिजे.

चोखोबांचा मृत्यू या दोहोंहून निराळा आहे. तो स्वेच्छेचा नव्हता आणि प्रायश्चित्ताचाही नव्हता. तो कामावर असताना आलेला मृत्यू होता.

३

परंपरेनुसार शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ मध्ये, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू होते. त्यासाठी आसपासच्या महारांना वेठीस धरण्यात आले. त्यांत चोखोबाही होते. काम चालू असता कूस कोसळले आणि मजूर त्याखाली गाडले गेले.

या कथेतील दोन शब्द विशेष लक्ष देण्यासारखे आहेत. पहिला शब्द ‘वेठ’. मोबदल्याविना, नकार देण्याची मुभा नसलेले काम म्हणजे वेठ. हे काम कोणी करावयाचे हे जन्माने ठरलेले होते. ही व्यवस्था पुढे वतनाच्या रूपाने शतकानुशतके टिकली. ब्रिटिश अमदानीत १८७४ च्या वतन कायद्याने तिला लेखी चौकट मिळाली. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. तथापि महार वतन कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे ज्या व्यवस्थेने चोखोबांना त्या भिंतीपाशी उभे केले, तिचे अवशेष त्यांच्या मृत्यूनंतर सहाशे वर्षांहून अधिक काळ जिवंत होते.

दुसरा शब्द ‘गावकूस’. गावाचे रक्षण करणारी ही भिंत गावात कोण आणि गावाबाहेर कोण, याचीही सीमा होती. महारवाडा कुसाबाहेर असे. ज्या भिंतीच्या आत राहण्याचा अधिकार नाही, ती भिंत बांधण्याचे काम मात्र करावयाचे, आणि ती पडली तर तिच्याखाली मरावयाचे, असा हा न्याय होता. आधुनिक दलित साहित्यात ‘गावकुसाबाहेरचे’ हा शब्दप्रयोग एका संपूर्ण जीवनाचा वाचक झाला. चोखोबांच्या मरणकथेत तो रूपक म्हणून येत नाही. तो दगडमातीचा आहे.

नामदेवांच्या नावावरील गाथेत पुढील काळातील रचना मिसळल्या आहेत, आणि कोणता अभंग कोणाचा याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रस्तुत विवेचनाला मात्र त्यामुळे बाध येत नाही. अभंग नामदेवांचे असोत वा त्यांच्या नावाने बोलणाऱ्या कोणा उत्तरकालीन भक्ताचे असोत. समाजाच्या स्मृतीने कोणते तपशील जपले, हा येथील प्रश्न आहे. स्थळ, कामाचे स्वरूप, भिंत आणि वेठ हे तपशील तिने टाकले नाहीत, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

४

चोखोबांच्या मृत्यूची वार्ता पंढरपुरास पोहोचल्यावर नामदेव मंगळवेढ्यास गेले. ढिगाऱ्यात अनेकांच्या अस्थी होत्या. त्यांतून चोखोबांच्या कोणत्या हे कसे ओळखावे? ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी येईल त्या चोखोबांच्या, अशी खूण देवाने सांगितली. नामदेवांनी एकेक अस्थी कानाशी धरून त्या निवडल्या, पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारापाशी त्यांना समाधी दिली. कथा अशी आहे.

ही कथा भक्तीचा महिमा म्हणून शतकानुशतके सांगितली गेली, आणि तसे सांगण्यात गैर काही नाही. परंतु चमत्काराचा भाग क्षणभर बाजूस ठेवून तिचा शब्दार्थ पाहिला, तर ती अत्यंत कठोर गोष्ट सांगते. ती प्रेताविषयी बोलत नाही, अस्थींविषयी बोलते. याचा अर्थ असा की, नामदेव तेथे पोहोचेपर्यंत देह ओळखण्यापलीकडे गेले होते. गाडले गेलेले मजूर कोणी वेळेवर बाहेर काढले नव्हते. शिवाय त्या अस्थी एकमेकींत मिसळलेल्या होत्या; मेलेल्यांची गणती वा नोंद कोणी ठेवली नव्हती. ज्याला मित्राचे उत्तरकार्य करावयाचे त्याच्यापुढे पहिला प्रश्न ओळख पटविण्याचा होता. देवाने सांगितलेली खूण या प्रश्नाचे उत्तर आहे. तो प्रश्न चमत्काराने निर्माण केलेला नाही. तो वेठीच्या मरणाने निर्माण केलेला आहे.

मंगळवेढ्याच्याच कान्होपात्रेची कथा येथे आठवते. बीदरच्या दरबारातून बोलावणे आल्यावर तिने विठ्ठलाच्या पायांशी प्राण सोडला आणि त्या जागी तरटीचे झाड उगवले, असे सांगतात. सत्तेच्या जबरदस्तीतून ओढवलेल्या मृत्यूला परंपरा अशा रीतीने पवित्र खूण देते. त्या खुणेमुळे घटना विसरली जात नाही, हा लाभ. पण खुणेकडे पाहताना जबरदस्तीवरून नजर हटते, ही हानी.

चोखोबांच्या कथेत ही हानी अधिक मोठी आहे. तिच्यातून एक नाव वाचले. बाकीचे मजूर मात्र निनावी राहिले. त्यांच्यामागेही घरेदारे असतील, माणसे वाट पाहत असतील. नामाचा ध्वनी ज्यांतून आला नाही त्या अस्थी ढिगाऱ्यातच राहिल्या. कथेचा कर्ता त्यांच्याविषयी काही बोलत नाही. परंतु ते तेथे होते हे त्याच्याच कथेवरून कळते. निवडण्यासाठी अनेकांच्या अस्थी असाव्या लागतात.

५

चोखोबांच्या घरातील सगळीच माणसे कवी होती, ही भारतीय भक्तिवाङ्मयातील असाधारण गोष्ट आहे. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि पुत्र कर्ममेळा या सर्वांच्या नावे अभंग उपलब्ध आहेत. चोखोबांच्या नावावरील अभंग सुमारे साडेतीनशे भरतात. कर्ममेळ्याच्या नावावर तीसही नाहीत. संख्या अल्प असली तरी या रचनांना शोकाच्या अभ्यासात स्वतंत्र स्थान आहे.

कारण येथील दु:ख मुख्यत: मृत्यूचे नाही, ते जगण्याचे आहे. सोयराबाई देहाच्या विटाळाचा प्रश्न उपस्थित करतात आणि विटाळावाचून कोणताच देह जन्मास येत नाही, या उत्तरापाशी येतात. कर्ममेळा देवाशी सरळ भांडतो. या कुळात जन्माला घातलेस ते कशासाठी, हा त्याचा प्रश्न आहे. वडिलांच्या अभंगांत विनवणी अधिक, मुलाच्या अभंगांत तक्रार अधिक. एकाच घरातील दोन पिढ्यांतील हा स्वरभेद बोलका आहे.

या रचनांतून एक तत्त्व हाती लागते. ज्या समाजरचनेत माणसाचे आयुष्य दररोज थोडेथोडे हिरावून घेतले जाते, तेथे शोक मृत्यूच्या दिवशी सुरू होत नाही. उष्ट्यावर जगणाऱ्या, देवळाच्या दारातून परत पाठविल्या जाणाऱ्या माणसाचे आप्त त्याच्या हयातीतच त्याच्यासाठी शोक करीत असतात. भिंत कोसळली तो दिवस हा त्या दीर्घ शोकाचा केवळ अखेरचा टप्पा होय. विलापिकेच्या रूढ व्याख्येत न बसणारे हे अभंग म्हणूनच शोककाव्य म्हणून वाचले पाहिजेत.

६

समाधी मिळाली ती महाद्वारापाशी, म्हणजे उंबरठ्याच्या बाहेर. समोर नामदेवांची पायरी आहे. शोक करणारा आणि ज्याचा शोक केला तो, दोघेही दाराशी आहेत. परंतु नामदेव तेथे आहेत ते भक्तांची पायधूळ लागावी म्हणून, आणि चोखोबा तेथे आहेत कारण आत त्यांना जागा नव्हती. त्यांच्या जातीच्या वारकऱ्यांची वारी पुढेही या समाधीपाशीच संपत असे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूर येथे उपोषण केले, तेव्हा त्या दाराचा प्रश्न निर्णायकपणे पुढे आला. समाधी बांधल्यापासून दार उघडेपर्यंत सहाशे नऊ वर्षे लोटली.

दुसऱ्याच वर्षी, १९४८ मध्ये, डॉ. आंबेडकरांचा अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. तमिळ, हिंदी व मराठी या तीन भाषांतील परंपरांचे हे एकत्र स्मरण अर्थपूर्ण आहे. नंदनार चिदंबरम येथे अग्नीतून शुद्ध होऊन देवाच्या सन्निध गेले असे तमिळ परंपरा सांगते. तेथेही अस्पृश्याला मंदिरात प्रवेश मिळतो तो देहाची किंमत मोजून. अर्पणपत्रिकेने या कथांतील चमत्कार पुन्हा सांगितला नाही. ‘अस्पृश्य मुळात कोण होते?’ या प्रश्नाच्या दाराशी तिने ती तीन नावे ठेवली. शोकाचे रूपांतर चौकशीत झाले.

१९५६ च्या धर्मांतरानंतरच्या दलित साहित्याने मात्र चोखोबांविषयी तीव्र नापसंती दर्शविली. आपला जन्म पूर्वकर्माचे फळ आहे असे मानणाऱ्या, दाराशी उभे राहून याचना करणाऱ्या संताचा वारसा नव्या पिढीला नको होता. हा नकार समजण्यासारखा आहे, आणि केवळ कृतघ्नता म्हणून तो निकालात काढणे अन्यायाचे ठरेल. सांत्वनाने साक्षीवर मात केली, हाच त्या नकाराचा खरा आशय होय. बाबूराव बागुलांच्या १९६९ सालच्या कथासंग्रहाचे ‘मरण स्वस्त होत आहे’ हे नावच पाहावे. त्या नावात सांत्वनाचा लवलेश नाही. मरणाला किंमत असते आणि ती कोणीतरी ठरवीत असतो, एवढेच ते सांगते. मंगळवेढ्याच्या ढिगाऱ्यात राहिलेल्या निनावी मजुरांच्या बाजूने उच्चारलेले हे वाक्य आहे, असे म्हटले तर ते अयोग्य होणार नाही.

७

मंगळवेढे हे केवळ मराठी वाङ्मयाचे स्थळ नाही. कल्याण येथे राजधानी हलविण्यापूर्वी कलचुरींचे सत्ताकेंद्र येथे होते, आणि बसवण्णांच्या चरित्राशी परंपरेने या गावाचा संबंध जोडलेला आहे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात कल्याण येथे चर्मकार हरळय्या आणि ब्राह्मण मधुवरस या दोन शरणांनी आपल्या मुलांचा विवाह घडवून आणला व त्याबद्दल दोघांना देहदंड झाला, असे कन्नड परंपरा सांगते. त्यानंतर बिज्जळाचा खून झाला आणि शरण पांगले. लंकेश यांचे ‘संक्रांती’ (१९७१) आणि गिरीश कार्नाडांचे ‘तलेदंड’ (१९९०) ही नाटके याच प्रसंगाकडे परत आली. आठशे वर्षांपूर्वीच्या मृत्यूकडे एखादे वाङ्मय पुन:पुन्हा वळते, ते त्या मृत्यूचे कारण अद्याप संपलेले नसते म्हणून.

याच वाङ्मयात म्हैसूर परिसरातील एक उदाहरण मराठी कथेच्या अधिक जवळचे आहे. म्हैसूर जिल्ह्याच्या नंजनगूड तालुक्यात जन्मलेल्या देवनूर महादेव यांच्या ‘कुसुमबाले’ या कादंबरीस १९९० साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. तिच्या केंद्रस्थानी चन्न या दलित तरुणाचा खून आहे; सवर्ण स्त्रीशी जडलेला संबंध हे त्याचे कारण. नंजनगूडच्या बोलीत लिहिलेल्या या कादंबरीत रात्री दिव्यांच्या ज्योती, म्हणजे ज्योतम्मा, एकमेकींशी बोलतात. लोकश्रद्धेतून घेतलेली ही योजना वाचताना नामदेवांच्या कानाशी बोलणाऱ्या अस्थी आठवल्यावाचून राहत नाहीत. सहा शतकांचे अंतर, दोन भाषा आणि दोन भिन्न वाङ्मयप्रकार. तरीही जेथे माणसांनी बोलणे धोक्याचे असते तेथे वस्तूंना वाचा फुटते, ही कल्पना दोन्हीकडे आहे. तिला अद्भुतरम्यता म्हणून बाजूस सारणे योग्य नव्हे. साक्षीदार गप्प केले जातात अशा समाजाने शोधून काढलेली ती साक्ष देण्याची रीत आहे.

पुरस्कारानंतर तीनच वर्षांनी, १९९३ मध्ये, त्याच नंजनगूड तालुक्यातील बदनवाळू येथे दलितांच्या मंदिरप्रवेशावरून उद्भवलेल्या वैरातून तीन दलितांची हत्या झाली. कादंबरीने भविष्य वर्तविले होते असे नव्हे. जे नित्य घडत होते तेच तिने पाहिले होते.

८

चोखोबांच्या कथेतून उरलेला प्रश्न, म्हणजे निनावी राहिलेल्यांचा प्रश्न, मराठीत अलीकडच्या काळात एका वेगळ्या वळणावर आला. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे पहाटे आढळले. जमलेल्या लोकांवर राखीव पोलिसांनी केलेल्या गोळीबारात दहा माणसे मरण पावली. त्यानंतर काही दिवसांतच त्या दु:खाने व्यथित झालेले शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. ज्याने इतरांच्या मरणाचे पोवाडे गावयाचे, त्याचाच आवाज त्या शोकात बुडाला. या घटनांचा मागोवा घेणारा आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा चित्रपट २०११ साली पूर्ण झाला. त्याच्या निर्मितीस चौदा वर्षे लागली, हेही शोकाच्या दीर्घतेचेच एक माप होय.

या शोकात आणि चौदाव्या शतकातील शोकात एक मूलभूत फरक दिसतो. येथे दहाच्या दहा जणांची नावे उच्चारली जातात. त्यांतील कोणाचे पुण्य अधिक, कोणाच्या मुखी कोणते नाम होते, ही निवड येथे होत नाही. मृत व्यक्ती संत असण्याची अट शोकातून गळून पडली आहे. मरणाऱ्याने आपले श्रेष्ठत्व सिद्ध केल्यावरच त्याचे मरण अन्यायाचे ठरावे, ही अपेक्षा स्वत:च अन्यायाचा भाग होती. ती नाकारणे हे या परंपरेचे सर्वांत मोठे पाऊल म्हणता येईल.

भारतीय भाषांतील शोककाव्याचा तुलनात्मक अभ्यास करताना सांत्वनाची परिणती हा निकष पुरेसा नाही, हे या विवेचनावरून स्पष्ट व्हावे. मृत्यूचे कारण रचनेत शिल्लक राहिले आहे काय, आणि ज्याचा शोक केला त्याच्या शेजारी कोण मेले याची जाणीव तिच्यात आहे काय, हे दोन प्रश्न त्या निकषाला जोडले पाहिजेत. या कसोटीस लावली असता चोखोबांच्या अंताची कथा अपुरी ठरते, पण खोटी ठरत नाही. तिने भिंत लपविली नाही, वेठ लपविली नाही, अस्थी अनेकांच्या होत्या हेही लपविले नाही. एका मित्राला ढिगाऱ्यातून एकाच माणसाला घरी आणता आले. उरलेल्यांना आणण्याचे काम त्यानंतरच्या वाङ्मयाकडे आले, आणि मराठीत व कन्नडमध्ये ते अद्याप चालू आहे.